मारबत आणि तान्हा पोळा: एकाच दिवसात दोन्ही कसे पाहावेत

बाहेरगावचे पाहुणे पोळ्याला नागपुरात येतात, सजवलेले बैल पाहतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. या शहराचा खास स्वतःचा सण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो: आधी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि संध्याकाळी लाकडी बैलांचा, मुलांचा तान्हा पोळा. म्हणून परतीचे तिकीट एक दिवस पुढचे काढावे.

तारीख अशी काढावी. पोळा श्रावण अमावस्येला असतो, मारबत आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गणेश चतुर्थीच्या साधारण चार दिवस आधी. 2024 मध्ये मारबत 3 सप्टेंबरला होती, तर 2025 मध्ये 23 ऑगस्टला. हा दिवस राष्ट्रीय सुटीचा नाही. जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या स्थानिक सुट्यांच्या यादीत तो बहुधा असतो, त्यामुळे नोकरदारांनी ती यादी आधी पाहावी.

मिरवणूक इतवारी, महाल या जुन्या वस्तीतून जाते. गाडी घेऊन जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मेट्रोने अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौक स्थानकावर उतरावे आणि पुढे पायी जावे. मिरवणुकीबरोबर चालत राहण्याचा मोह टाळून एखाद्या दुकानाच्या ओट्यावर सकाळीच जागा धरावी. ओळखीच्या घराची गच्ची मिळाली तर त्याहून उत्तम. एका वर्षी मी घोळक्यात शिरलो आणि एक चप्पल तिथेच सोडून घरी आलो, तेव्हापासून पट्ट्याची पादत्राणे घालतो. दिवस पावसाळ्याचे असले तरी छत्री नको, कारण मागच्याला काही दिसत नाही आणि तो ते बोलून दाखवतो.

समोरून काय जात आहे हे कळले, तरच पाहण्यात मजा आहे. बांबू, कागद आणि कापड यांपासून केलेल्या दोन मोठ्या स्त्रीरूपी पुतळ्यांपैकी काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते, असे मानले जाते. भोसले घराण्यातील बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रोषातून काळी निघाली, असे जुने लोक सांगतात. जागनाथ बुधवारीतून निघणाऱ्या पिवळीकडे मात्र लोक रोगराईपासून राखण करणारी म्हणून पाहतात. आयाबाया कडेवरच्या लेकरांना तिच्या पायांशी आणतात. दोघींची भेट होते तो क्षण चुकवू नये, कारण त्या वेळी ढोलताशांत शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ हा पुकारा मात्र त्यातूनही कानी पडतो. शेवटी पुतळ्यांचे दहन होते.

मारबतींच्या मागेपुढे बडगे असतात. भ्रष्टाचार, महागाई, रस्त्यांवरचे खड्डे, ज्याचा त्या वर्षी लोकांना राग आला असेल त्याचा पुतळा करून गळ्यात पाटी अडकवलेली असते. पाट्या अवश्य वाचाव्यात. नागपुरी तिरकसपणा इतका उघड्यावर दुसरीकडे क्वचितच भेटतो. लहान मुले सोबत असतील तर काही पाट्यांचा अर्थ सांगताना अडचण होईल, एवढी तयारी ठेवावी.

दुपारी घरी येऊन जेवून थोडी विश्रांती घ्यावी, कारण संध्याकाळ मुलांची असते. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी राजे भोसले यांनी 1806 मध्ये सुरू केला, असे सांगितले जाते. चाकांचे लाकडी बैल सजवून मुले मोहल्ल्यातल्या तोरणाखाली जमतात, आणि बैलांच्या सजावटीला व मुलांच्या वेशभूषेला बक्षिसे असतात. बैल विकत घेणार असाल तर दुकानातच तो जमिनीवर ओढून पाहावा. रंग झकास आणि चाक घट्ट असा बैल तोरणापर्यंत बापालाच उचलून न्यावा लागतो. दोरी मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर हातात येईल, एवढी लांब बांधावी.

तोरण सुटल्यावर मुले बैल घेऊन घरोघरी जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खुशीचे थोडे पैसे, द्यावा लागतो. दहा-दहाच्या नोटा किंवा नाणी आदल्या दिवशीच मोडून आणावीत, कारण त्या संध्याकाळी किराणा दुकानदाराकडेही सुटे उरलेले नसतात.