हाक मारली तर बघत नाही? आधी हे बघा

माझा मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हा नावाने हाक मारली तर मान वळवायचा नाही, पण इंदूरची कचरागाडी दोन गल्ल्या लांब असली तरी गाणं ऐकून गॅलरीत पळायचा. आम्ही म्हणायचो कान किती तिखट आहेत. सासूबाई म्हणायच्या, ह्याचे बाबापण उशिराच बोलले. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे हे कळण्यात आमचं एक वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये म्हणून लिहितेय.

बोलण्याच्या आधी बोट बघा. साधारण दीड वर्षाचं मूल विमान दिसलं की बोट दाखवतं आणि लगेच तुमच्या तोंडाकडे बघतं, तुम्हीपण बघितलंत ना म्हणून. आमचा मुलगा माझा हात ओढत फ्रीजपर्यंत न्यायचा पण माझ्याकडे बघायचा नाही. गाड्या ओळीत लावणं, चाक फिरवत बसणं, यातलं एखादंच दिसलं म्हणून ऑटिझम होत नाही, सगळं मिळून बघावं लागतं. येत असलेले शब्द गेले असतील तर मात्र लगेच डॉक्टरकडे जा.

जाताना घरातले दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या, कारण क्लिनिकमध्ये मूल एकतर रडतं नाहीतर एकदम शांत बसतं. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट म्हणून 20 प्रश्न असतात, त्याने निदान होत नाही, पुढे तपासायचं का एवढंच कळतं. कान तपासून घ्याच. रक्ताच्या टेस्टमध्ये किंवा स्कॅनमध्ये ऑटिझम दिसत नाही, आणि पक्कं निदान व्हायची वाट न बघता स्पीच थेरपी सुरू करता येते.

आता भाषेचं. आपल्याकडे घरात मराठी, खाली पार्किंगमध्ये हिंदी. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं मराठी बंद करा, मूल गोंधळतंय, आणि आम्ही सहा महिने घरात हिंदी बोललो, आजी तर त्याच्याशी बोलेचनात. हे करू नका प्लीज. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेली मुलं बोलण्यात मागे पडतात असं संशोधनात दिसलेलं नाही. छोटं वाक्य बोला, "भात हवा?", आणि मनात दहा मोजेपर्यंत थांबा, हे थांबणंच सगळ्यात कठीण जातं. तो "पाणी हवं?" असं आपलाच प्रश्न परत म्हणाला तर बहुतेक त्याला पाणी हवं असतं, तेव्हा त्याच्या बाजूने "मला पाणी हवं" म्हणा आणि पाणी द्या.

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे रोषणाईच्या चित्ररथांच्या मिरवणुकीला नेलं तेव्हा तो रस्त्यावर लोळून किंचाळला, लोक म्हणाले लाडावलाय. हट्ट करणारं मूल मधेच बघतं आपण बघतोय का, आणि वस्तू मिळाली की थांबतं. हे तसं नव्हतं, आवाज आणि लाइट त्याला सहनच होत नव्हते. अशा वेळी समजावू नका, उचलून शांत जागी न्या आणि गप्प जवळ बसा. आता आम्ही हेडफोन नेतो आणि गर्दी वाढायच्या आत परततो.

आणि हो, लस दिल्याने झालं का, आई नोकरी करते म्हणून का, हे मनातून काढा. लसीवर आरोप करणारा 1998 चा पेपर 2010 मध्ये तो छापणाऱ्या जर्नलनेच मागे घेतला.

निदान झालं की दिव्यांग सर्टिफिकेट काढायला लाजू नका. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात ऑटिझम आहे, आणि सरकारच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरतात, म्हणून बिलं एका फाइलमध्ये ठेवा.