घोडा डी-५ वर बसवण्याआधी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला की पोरं आधी घोडा मध्ये, डी-५ वर (डी या उभ्या ओळीतलं पाचवं घर) घुसवतात. बरोबरच आहे म्हणा, कोपऱ्यातल्या घोड्याला दोनच घरं, मधल्याला आठ. पण तो तिथं टिकणार का, हे कोण बघणार?

सिसिलियन बचावात (पांढऱ्यानं, म्हणजे आपण, ई-४ खेळल्यावर काळ्यानं सी-५ नं दिलेलं उत्तर) काळ्याचं सी प्यादं मारामारीत गेलं आणि ई प्यादं ई-५ वर आलं, की डी-५ वरच्या घोड्याला हुसकायला प्यादंच उरत नाही. मग भांडण मोहऱ्यांचं. त्या घरावर काळ्याचे पहारेकरी किती ते मोजा: बहुतेकदा एफ-६ चा घोडा आणि ई-६ चा उंट. आपला उंट जी-५ वर नेऊन तो घोडा मारा, मगच आपला बसवा.

समोरच्यानं डी-५ वर मारलं की हात आपसूक ई-४ च्या प्याद्याकडं जातो. थांबा जरा! प्याद्यानं परत मारलं तर घर आपणच बुजवलं. मोहऱ्यानं मारा, म्हणजे कब्जा सुटत नाही, खासबागेतल्या कुस्तीसारखा. सी-६ वर काळ्याचा घोडा असेल आणि प्याद्यानं मारताना त्याला पळवून काही पदरात पडत असेल, तर मात्र खुशाल प्यादं घ्या.