बी.ए. अर्थशास्त्र: आकृती आणि आकडे हाताने कसे पक्के करायचे

पहिल्या वर्षाला सर्वाधिक मार्क जातात ते आकृत्यांत. उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग, हे आधी लिहा, रेषा नंतर. वस्तूची स्वतःची किंमत बदलली तर त्याच मागणी वक्रावर (कोणत्या किमतीला किती नग खपतील ती रेषा) वर-खाली सरकायचं. उत्पन्न किंवा पर्यायी वस्तूची किंमत, असं दुसरं काही बदललं तरच अख्खा वक्र हलतो. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं उत्तर चुकतं.

लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते, ती मात्र पाठ करू नका, गणित मांडा. समजा, दादर स्टेशनबाहेर वडापाव १५ रुपयांवरून १८ वर गेला आणि रोजची विक्री २०० वरून १७० वर आली. किंमत २० टक्के वाढली, मागणी १५ टक्के घटली: लवचिकता ०.७५. आता उलटं करा, १८ वरून १५. उत्तर येतं १.०६! आकडे तेच, पण टक्केवारीचा पाया बदलला. म्हणून मध्यबिंदू पद्धत: फरकाला दोन्ही आकड्यांच्या सरासरीने भागा, दोन्हीकडून ०.८९ मिळेल. लवचिकता १ पेक्षा कमी असेल तर किंमत वाढल्यावर गल्ला वाढतो; इथे तो ३,००० वरून ३,०६० झाला, म्हणजे उत्तर पटतं.

विकलन (डिफरन्सिएशन) कच्चं असेल तर रोज अर्धा तास द्या. सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग बनवायचा वाढीव खर्च, हे एकूण खर्चाचं विकलनच.

समग्रलक्षी, म्हणजे अख्ख्या देशाच्या, अर्थशास्त्रासाठी फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेचं पतधोरण वाचा. साधारण दोन महिन्यांनी येतं. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) आणि महागाईचा अंदाज वहीत उतरवा, शेजारी महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य लिहा, आणि दर का बदलला किंवा का नाही, ते स्वतःच्या चार ओळींत मांडा.