पालांवर राहणाऱ्यांना शहराचा आधार: काम कोणत्या क्रमाने करावं

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठेही रेल्वे लाइनीच्या कडेला, उड्डाणपुलाखाली, नदीकाठाला पालं दिसतात. तिथे पालिकेची पहिली गाडी बहुधा अतिक्रमण विभागाची पोहोचते. भांडीकुंडी, कागदपत्रं गाडीत जातात आणि थोड्याच दिवसांत तीच माणसं जवळपास पुन्हा पाल ठोकतात. या खेपेला त्यांच्याकडे आधार कार्डही उरलेलं नसतं. म्हणून आधी नोंद, मग पाणी आणि संडास, मग कागद, आणि निवारा त्यानंतर, हा क्रम धरावा.

१. मोजणी रात्री करा

दिवसा माणसं मजूर अड्ड्यावर, कापसाच्या जिनिंगमध्ये, बाजार समितीत असतात. रात्री दहानंतर एसटी स्टँड, रेल्वे स्थानक, सरकारी दवाखान्याचं आवार आणि पालांच्या वस्त्या फिराव्यात. २०११ च्या जनगणनेतही बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली होती. खानदेशात मात्र एका मोजणीने भागत नाही. सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर कामाला उतरतात आणि होळीला गावी जातात. होळीच्या आठवड्यात मोजाल तर निम्मी वस्ती कागदावर येणारच नाही. सोबत पावरी (सातपुड्यातल्या आदिवासींची बोली) किंवा अहिराणी बोलणारी बाई हवी. पोलीस आणि अतिक्रमणवाले नकोत, नाहीतर नावं खोटी मिळतात.

२. पाणी आणि संडास

माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरा. १२० माणसांच्या वस्तीला १८०० लिटर झाले, म्हणजे २००० लिटरची टाकी रोज भरायला हवी, मे महिन्यात त्याहून जास्त. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. पावडर थेट टाकीत ओतू नये. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरचं निवळ पाणी टाकीत घालावं, अर्धा तास थांबून ओटी टेस्ट करावी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून पाहावं. पावडर उघडी किंवा जुनी असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. तेव्हा रंग येत नाही आणि पाण्याने जुलाबाची साथ येते.

संडास २० माणसांमागे एक, बायकांसाठी जास्त. १२० जणांत बायकांना चार, पुरुषांना दोन, अशी वाटणी बरी. फिरतं शौचालय उभं करून पालिका निघून जाते आणि आठवड्यात ते बंद पडतं. कारणं नेहमीची आहेत: टाकीत पाणी नाही, मैला उपसणारी गाडी येत नाही, आतली कडी तुटलेली, दिवा नाही. कडी आणि दिवा नसेल तर रात्री एकही बाई तिकडे जात नाही. साफसफाईसाठी वस्तीतल्याच माणसाला रोजंदारीवर ठेवावं.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि प्लास्टिकच्या पालात दुपारी बसवत नाही. केळीच्या रोपवाटिकेत लावतात ती हिरवी शेडनेट पालावर दीड-दोन फूट उंच ताणावी. ती प्लास्टिकला टेकली तर मधून हवा खेळत नाही आणि उपयोग शून्य.

३. कागद

हरवलेल्या आधारसाठी नवी नोंदणी करू नका, ती दुबार म्हणून बाद होते. आधार केंद्रावर ठशांवरून जुना नंबर सापडतो. वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, तिथे बुबुळांवरून शोधायला सांगा. ज्याचं आधार कधी निघालंच नाही, त्याच्यासाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. मतदार नोंदणीच्या अर्ज क्रमांक ६ साठी बेघर माणसाला राहण्याचा कागदोपत्री पुरावा लागत नाही. तो सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का, हे बीएलओने (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने) रात्री, एकाहून अधिक वेळा येऊन पाहायचं असतं. बीएलओला हे अनेकदा आपणच सांगावं लागतं.

४. निवारा

२०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचं प्रमाण लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची निवाऱ्याची सोय असं होतं. एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, माणशी ५० चौरस फूट जागा आणि दार चोवीस तास उघडं. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांवर होतं, त्यावरून किती निवारे लागतात ते काढता येईल. निवारा रिकामा पडला की लोकांनाच यायचं नाही असा शेरा मारला जातो. तिथे कुटुंबाची फाटाफूट होते, हातगाडी ठेवायला जागा नसते आणि मजूर अड्डा तीन-चार किलोमीटरवर पडतो. कामाला पहाटे निघणारा माणूस तिथे का जाईल? कुटुंबांसाठी वेगळी खोली, कुलूपबंद कपाट आणि गाडीला जागा, एवढं तरी द्या. ओळखपत्र नाही म्हणून रात्री कुणाला परत पाठवू नका. नाव विचारा, नोंदवहीत लिहा, आत घ्या.

मनोरुग्ण भटकताना दिसला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात नेणं पोलिसांची जबाबदारी आहे. ठाण्यात ती नोंद लेखी करून घ्यावी. एकट्या मुलासाठी १०९८, वृद्धांसाठी १४५६७, उष्माघाताला १०८. हे नंबर निवाऱ्याच्या दारावर आणि पाण्याच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत रंगवावेत.