गाड्यांच्या वायरलेस नेटवर्कमध्ये खोटं बोलणारी गाडी कशी पकडायची

व्हॅनेटवर, म्हणजे गाड्यांच्या आपापसातल्या वायरलेस नेटवर्कवर, प्रोजेक्ट घेतला की बरेच जण पहिल्याच दिवशी न्यूरल नेटवर्क ट्रेन करायला बसतात, तसं करू नका. आधी पकडायचं काय ते बघा. यातली प्रत्येक गाडी साधारण सेकंदाला 10 वेळा 5.9 गिगाहर्ट्झ बँडवर सांगत असते की मी इथे आहे, स्पीड इतका, दिशा ही. मेसेजवर डिजिटल सही असते, पण सहीवरून एवढंच कळतं की पाठवणाऱ्याकडे खरं सर्टिफिकेट आहे आणि मेसेज वाटेत कुणी बदलला नाही, आता सर्टिफिकेटवालाच थापा मारायला लागला तर सही काय करणार?

डेटा व्हेरेमी नावाच्या तयार डेटासेटचा घ्या, 2018 चा आहे, लक्झेंबर्गच्या ट्रॅफिक सिम्युलेशनवर बनवलेला, त्यात खोट्या पोझिशनचे पाच प्रकारचे अटॅक आहेत. लॉग जेसन (JSON) या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये असतात, टाइप 2 म्हणजे गाडीचा स्वतःचा जीपीएस आणि टाइप 3 म्हणजे इतरांकडून आलेले मेसेज.

आता टाइप 3 चे मेसेज सेंडरनुसार वेगळे करा, वेळेप्रमाणे लावा आणि सरळ गणित करा. गाडी म्हणते स्पीड सेकंदाला 20 मीटर, मग 0.1 सेकंदात ती 2 मीटरच सरकायला हवी. 60 मीटर सरकली किंवा जागची हललीच नाही तर काहीतरी गडबड आहे. पण जीपीएसमध्ये चूक असतेच, म्हणून एका मेसेजवरून गाडीला चोर ठरवू नका, सलग काही मेसेज बघून संशयाचा स्कोअर वाढवत न्या.

खरा त्रास देतो तो यातला कॉन्स्टंट ऑफसेट नावाचा अटॅक. गाडी खऱ्या पोझिशनमध्ये कायम तेवढाच आकडा मिळवून पाठवते, त्यामुळे हालचाल अगदी बरोबर दिसते आणि वरचं गणित आरामात पास होतं!! इथे सिग्नलची ताकद, म्हणजे आरएसएसआय बघायची. गाडी लांब असल्याचं सांगतेय पण सिग्नल जवळच्यासारखा दणदणीत येतोय, तर संशय घ्या, अर्थात मध्ये बिल्डिंग किंवा ट्रक आला की सिग्नल पडतो म्हणून इथेही सरासरीच घ्या.

हे सगळे स्कोअर फीचर म्हणून, म्हणजे इनपुट म्हणून, रँडम फॉरेस्टला (बऱ्याच डिसिजन ट्रीचं मत घेऊन ठरवणारं मॉडेल) द्या, सुरुवातीला तेवढं पुरतं. डेटा शिकवण्यासाठी आणि तपासण्यासाठी असा ट्रेन-टेस्टमध्ये विभागताना ओळी मिसळू नका, एका सेंडरचे सगळे मेसेज एकाच बाजूला ठेवा, नाहीतर मॉडेल गाडीच पाठ करतं. आणि नुसत्या अ‍ॅक्युरसीवर जाऊ नका, 10 टक्के मेसेज खोटे असतील तर सगळ्यांना खरं म्हणणारं मॉडेलही 90 टक्के मिळवतं, म्हणून प्रत्येक अटॅकचा प्रिसिजन (खोटे म्हणून पकडलेल्यांपैकी खरंच खोटे किती) आणि रिकॉल (एकूण खोट्यांपैकी पकडले किती) वेगवेगळा काढा.