पडद्याच्या कडेपर्यंत: धुळ्यात वाइड-फील्ड कॅमेऱ्यावर काम करताना

आमच्या धुळ्याच्या दवाखान्यात वाइड-फील्ड कॅमेरा आला, तेव्हा मला बी.ऑप्टोम. (डोळे तपासणीची पदवी) होऊन दोन वर्षं झाली होती. बसवायला आलेल्या माणसाने अर्ध्या दिवसात सगळं शिकवलं. हनुवटी इथे, कपाळ तिथे, दिवा दिसला की बटण दाबायचं. पाव सेकंदात डोळ्याच्या आतला जवळजवळ अख्खा पडदा (रेटिना) स्क्रीनवर. आपल्याला जमलं, असं मी धरून चालले.

तिसऱ्या आठवड्यात शिरपूरकडचे एक आप्पा आले. दोन दिवसांपासून डोळ्यात वीज चमकल्यासारखं होत होतं, काळे ठिपके तरंगत होते. मी फोटो काढला, मधला भाग स्वच्छ दिसला, 'पडदा नॉर्मल' असं लिहून फाइल आत पाठवली. डॉक्टर सरांनी डोक्याला इनडायरेक्ट (पडद्याची कड पाहायचं दिव्याचं यंत्र) लावून, डोळा बाहेरून हलकेच दाबून तपासलं आणि मला आत बोलावलं. खालच्या बाजूला, घड्याळात पाच असतात त्या जागी, घोड्याच्या नालेसारखी फट होती. माझ्या फोटोत नेमकी त्याच जागी पापण्यांच्या केसांची काळी झालर होती. आप्पांना त्याच दिवशी लेझर झालं, डोळा वाचला. मी घरी गेले तरी ती झालर डोळ्यांसमोरून हलेना.

या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते. फोटोत जो भाग काळा आहे, तो 'नॉर्मल' नसतो, तो फक्त आपण पाहिलेला नसतो. रिपोर्टमध्ये तसंच लिहायचं: 'खालचा भाग पापणीमुळे दिसला नाही.' हे लिहायला लाज वाटून घेऊ नका.

आता कॅमेऱ्याबद्दल. साधा फंडस कॅमेरा (पडद्याचा फोटो काढणारा) एका वेळी ३० ते ५० अंशांचा भाग टिपतो. त्यात दृष्टिचेता (डोळ्याची नस) आणि मॅक्युला (पडद्याचा नेमकं पाहणारा मध्य) येतात, कडा येत नाहीत. ऑप्टॉस कंपनीचा वाइड-फील्ड कॅमेरा २०० अंश, म्हणजे पडद्याचा सुमारे ८२ टक्के भाग एका फोटोत घेतो. इथे नवीन मुलं एक हिशेब चुकवतात: साध्या कॅमेऱ्याचे ४५ अंश आणि याचे २०० हे आकडे एकाच ठिकाणाहून मोजलेले नाहीत. जुन्या कॅमेऱ्याचा कोन बाहुलीपाशी मोजतात, या कॅमेऱ्याचा डोळ्याच्या मध्यातून. त्यामुळे २०० ला ४५ ने भागून 'साडेचार पट' म्हणायचं नाही. झाइसचा क्लॅरस एका फोटोत १३३ अंश घेतो, तोही आतून मोजलेला, आणि दोन फोटो जोडून २०० पर्यंत पोचतो. कॅमेरा कोणताही असो, त्याचा आकडा कुठून मोजलाय ते आधी विचारा.

एवढा रुंद भाग बारीक बाहुलीतून दिसतो, याचं गुपित ऑप्टॉसच्या लंबवर्तुळाकार आरशात आहे. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीतून निघालेला किरण आरशाच्या कुठल्याही भागावर आपटला तरी दुसऱ्या नाभीतूनच जातो. लेझरचा किरण पहिल्या नाभीपाशी फिरवतात आणि रुग्णाची बाहुली दुसऱ्या नाभीवर आणतात. मग किरण बाहुलीतून आत शिरून चारी दिशांना पोचतो. रुग्णाचं डोकं थोडं मागे सरकलं तरी फोटोची कड का काळी पडते, ते यावरून कळतं: बाहुली नाभीवरून सुटलेली असते. हे समजलं तेव्हा मी रुग्णाला नुसतं 'पुढे या' म्हणणं सोडलं आणि बाहुली नेमकी कुठे आहे ते बघायला लागले.

ऑप्टॉस ही कंपनी स्कॉटलंडमध्ये १९९२ साली डग्लस अँडरसन यांनी काढली. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाचा पडदा सुटला होता आणि ते वेळेत न कळल्यामुळे त्याची एका डोळ्याची दृष्टी गेली. लहान मुलाला त्रास न देता कडेपर्यंत पाहता यावं, ही त्या बापाची गरज होती. काम कंटाळवाणं वाटू लागलं की मला ते आठवतं.

पापणी धरणं ही या कामातली खरी कारागिरी आहे. हात धुवा, कापसाची काडी घ्या, वरची पापणी हाडाकडे उचला, खालची खाली ओढा, पण बुबुळावर दाब देऊ नका. तरीही नाक आणि केस मध्ये येतातच. म्हणून समोरचा एक फोटो घेऊन थांबायचं नाही. रुग्णाला खाली पाहायला लावा, खालचा पडदा दिसेल. वर पाहायला लावा, वरचा दिसेल. मग उजवीकडे, डावीकडे. वयस्कर माणसांना 'फिक्सेट करा' म्हणून काही होत नाही. मी अहिराणीत सांगते, "आप्पा, डोया मोठा करा. आते खाले देखा. हालू नका." एवढ्यावर निम्मं काम होतं. सातपुड्यातून आलेल्या पावरी बोलणाऱ्या माणसांसाठी मी बरोबर आलेल्या आशाताईंकडून चार शब्द शिकून घेतले. तुम्हीही घ्या.

बारीक बाहुलीतूनही फोटो येतो, म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब टाळण्याचा मोह होतो. पडद्याची तक्रार असेल तर बाहुली मोठी करूनच तपासावी, असं माझं ठाम मत आहे. थेंबांआधी डोळ्याचा कोन (आतलं पाणी जिथून बाहेर जातं ती जागा) अरुंद नाही ना, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या उन्हात थेंब घातलेला माणूस डोळे उघडू शकत नाही. त्याला आधीच सांगा: बरोबर कोणीतरी आणा, रुमाल आणा, परत जाताना मोटरसायकल चालवू नका.

रंगांनी पहिल्यांदा गोंधळायला होतं. बऱ्याच ऑप्टॉस कॅमेऱ्यांत लाल आणि हिरवा असे दोनच लेझर असतात, म्हणून पडदा हिरवट-तपकिरी दिसतो. हे खरे रंग नव्हेत. दोन्ही थर वेगवेगळे उघडून पाहायची सवय लावा. हिरव्यात पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आणि रक्तस्राव उठून दिसतात. लाल जास्त खोल जातो, म्हणून पडद्यामागचा तीळ लालमध्ये स्पष्ट दिसतो आणि हिरव्यात जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय फोटोच्या कडा ताणलेल्या असतात, त्यामुळे कडेच्या डागाचा आकार डोळ्यांनी मोजू नका.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावी सायन्सनंतर बी.ऑप्टोम. करायचं आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. त्या वर्षी चष्म्याच्या नंबरातच अडकू नका. पडद्याच्या ओपीडीत उभं राहायला मिळेल अशी जागा शोधा. फ्लुरेसिन अँजिओग्राफीला (रंगाचं इंजेक्शन देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायला) मदत करायला शिका. इंजेक्शननंतर मळमळ होऊ शकते, त्वचा पिवळसर होते, लघवी दिवसभर गडद केशरी होते. हे आधी सांगितलं नाही तर गावी गेलेला माणूस घाबरून रात्री फोन करतो. क्वचित गंभीर अ‍ॅलर्जी होते, म्हणून डॉक्टर आणि आपत्कालीन ट्रे शेजारी असल्याशिवाय सुरुवात करायची नाही. कमी दिवसांच्या बाळांसाठी डोळ्याला टेकवायचा वेगळा कॅमेरा असतो, १२० ते १३० अंशांचा. जन्माचं वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म, अशा बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी.

आणि आपल्या भागाचं एक. नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं आणि रक्ततपासण्या वाढल्या, पण डोळ्यांकडे लक्ष मागाहूनच जातं. या आजारात वाकड्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या बंद करतात, आणि ते सुरू होतं पडद्याच्या अगदी कडेला. रक्त न पोचलेल्या भागाच्या सीमेवर समुद्रातल्या पंख्याच्या आकाराच्या प्रवाळासारख्या नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात. त्या फुटून रक्त सांडेपर्यंत माणसाला ६/६, म्हणजे अगदी नीट, दिसत असतं. साध्या कॅमेऱ्यात अशा डोळ्याचा फोटो निर्दोष येऊ शकतो.

धडगावकडची अशीच एक मुलगी आली, कॉलेजला जाणारी. दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचली. कानाच्या बाजूच्या कडेला पंखा होता. डॉक्टरांनी लेझर सांगितल्यावर तिची आई म्हणाली, "तिले दिसंस ना, मग लेझर कसाले?" मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मधला भाग दाखवून म्हटलं, इथून ती वाचते. मग बोट कडेला नेलं. आई बराच वेळ पाहत राहिल्या, मग स्वतःच बोट ठेवून त्या पंख्याची रेघ फिरवली आणि विचारलं, धाकट्यालाही सिकलसेल आहे, त्याला आणू का?

पुढच्या खेपेला त्या त्याला घेऊन आल्या. त्याच्या कडा स्वच्छ होत्या. खालचा भाग मात्र पापणीखाली जात होता. चौथ्या फोटोत तो पुरता आला, तेव्हाच मी फाइल आत पाठवली.