केमोसाठी इंट्राकॅथ लावताना या चुका टाळा

केमोच्या, म्हणजे कॅन्सरची औषधं शिरेतून घेणाऱ्या पेशंटचे हात बघितले की किती सायकल, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, झाल्या असतील याचा अंदाज येतो. मनगटाजवळ काळवंडलेली, दोरीसारखी कडक झालेली शीर हाताला लागते. तापाच्या पेशंटला सलाईन लागतं, दोन दिवसांत निघतं, विषय संपतो. इथं त्याच दोन हातांच्या शिरा कित्येक महिने पुरवायच्या असतात आणि इंट्राकॅथमधून, म्हणजे सुईनं शिरेत बसवलेल्या बारीक प्लास्टिकच्या नळीतून, जाणारी काही औषधं शिरेबाहेर पडली तर मांस जळतं. डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या वॉर्डात, काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरनी आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकांनीही हे वाचावं, कारण यातल्या निम्म्या गोष्टी नातेवाइकांच्याच हातात आहेत.

आल्या आल्या सुई टोचणं

चंदगड, आजरा, गगनबावड्याकडून पहाटेच्या एसटीनं माणसं कोल्हापूरला येतात. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून बायका पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यात ‘रक्त तपासायचं आहे’ म्हणून काही जण उपाशी येतात. खरं तर सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीसाठी, उपाशी राहायची गरज नसते. पावसाळ्यात तर हात गारठलेले असतात. अशा हाताला लगेच पट्टा बांधला तर शीर दिसणार कशी?

डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलेलं नसेल तर आधी पाणी, चहा, थोडं खाणं होऊ द्या. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल पाच-दहा मिनिटं हाताभोवती गुंडाळा, हात खाली सोडून बसवा, मूठ उघडझाप करायला लावा. शिरेवर चापट्या मारू नका. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कमी असतील तर तिथं रक्त साकळतं, म्हणून रिपोर्ट आधी बघा.

दोन वेळा जमलं नाही तर थांबा आणि अनुभवी माणसाला बोलवा. यात कमीपणा अजिबात नाही. आणि ‘तुम्हाला शिराच नाहीत’ असं पेशंटला कधी म्हणू नका. तो ते मनाला लावून घेतो आणि पुढच्या सायकलला घाबरूनच येतो.

सोपी दिसते ती जागा निवडणं

कोपराच्या खोबणीतली शीर सगळ्यात ठळक दिसते, म्हणून हात तिथंच जातो. रक्त काढायला ती ठीक, केमोला नाही. सांधा वाकला की नळी हलते, आणि औषध आत पसरलं तरी लवकर कळत नाही. मनगट आणि हाताच्या पंजाची मागची बाजूही जळजळीत औषधांसाठी टाळावी, कारण तिथं कातडीखाली लगेच स्नायूबंध आणि मज्जातंतू असतात. कोपर आणि मनगटाच्या मधला सपाट भाग उत्तम. पायाला तर लावूच नये.

स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सोडा. हे पेशंटला विचारूनच घ्या, फाईलवर विसंबू नका. त्याच दिवशी वर कुठं टोचलेलं असेल तर त्याच शिरेवर खालच्या बाजूला लावू नका, वरच्या भोकातून औषध बाहेर येतं. नळीही उगाच मोठी नको. बहुतेकांना निळी, म्हणजे २२ नंबर, पुरते. नाजूक शिरेला पिवळी, २४ नंबर.

स्वच्छतेत एकच चूक सारखी दिसते: कातडी पुसून झाल्यावर शीर पुन्हा बोटानं चाचपायची. क्लोरहेक्सिडीन-स्पिरिटनं ३० सेकंद घासा, आपोआप वाळू द्या, मग हात लावू नका. आणि नळीतून मागं घेतलेली सुई पुन्हा आत सरकवू नका, नळीचा तुकडा कापून रक्तात जाऊ शकतो.

भरपूर चिकटपट्टी आणि ‘असू दे’

पट्ट्यांवर पट्ट्या गुंडाळल्या की आतली सूज दिसतच नाही. पारदर्शक ड्रेसिंग लावा, टोचलेली जागा उघडी दिसली पाहिजे. औषधाआधी नळीत रक्त परत येतंय का बघा, मग १० मिलि सलाईननं धुऊन खात्री करा. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, हातानं देताना दर काही मिलिनंतर पुन्हा रक्त ओढून बघायचं.

यंत्रापेक्षा पेशंटचं तोंड आधी बोलतं, पण आपल्याकडची माणसं संकोची. “जरा चुरचुरालंय, खरं ऱ्हाऊ द्या सिस्टर, तुम्ही कामात हाय.” हे वाक्य कानावर पडलं की हातातलं काम सोडून औषध बंद करा. सुरुवातीलाच सांगून ठेवा, “मावशी, थोडं जरी चुरचुरलं तरी हाक मारायची.”

औषध बाहेर गेल्याची शंका आली तर नळी लगेच उपटू नका. आधी औषध बंद करायचं, त्याच नळीतून सिरिंजनं जेवढं मागं येईल तेवढं ओढून घ्यायचं, मग नळी काढायची. जागा दाबायची नाही, चोळायची नाही. हात उंच ठेवायचा, डॉक्टरांना बोलवायचं, सुजेभोवती पेननं रेघ मारून वेळ लिहायची. डॉक्सोरुबिसिन असेल तर गार शेक. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं दुसरं औषध असेल तर मात्र गरम. डॉक्सोरुबिसिनवरचा उतारा, डेक्सराझोक्सेन, ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, म्हणून ‘उद्या बघू’ चालत नाही. तो देण्याआधी बर्फ काढून ठेवतात.

कधी कधी शिरेच्या वाटेनं नुसती लाल रेघ उठते, खाज येते, पण सूज नसते आणि रक्त नीट परत येतं. ती बहुधा औषधाची प्रतिक्रिया असते आणि ओसरते. तरी थांबून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

घरी गेल्यावर

सुजलेल्या हातावर मिठाच्या पुरचुंडीचा शेक, आंबेहळदीचा लेप हे घरोघरी ठरलेलं. केमोनंतर हे करू नका, आधी वॉर्डात फोन करा. जळजळ आणि फोड काही दिवसांनीही येऊ शकतात. पांढऱ्या पेशी कमी असताना पू धरत नाही, त्यामुळं नुसती लाली आणि दुखणंही गंभीर समजा.

पुढच्या बऱ्याच सायकल बाकी असतील तर पोर्टबद्दल, म्हणजे छातीवर कातडीखाली बसवून मोठ्या शिरेला जोडलेल्या डबीबद्दल, डॉक्टरांना पहिल्या-दुसऱ्या सायकललाच विचारा, सगळ्या शिरा संपेपर्यंत थांबू नका.

थर्मामीटर घरात ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसला तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. रात्रीच गाडी करून जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा, की केमो चालू आहे.